ईथर उकळेपर्यंत

चंबूच्या तळाशी मॅग्नेशियमचा कीस चमकत पडला होता. त्यावरचं ईथर आयोडीनच्या एका खड्यानं तपकिरी झालं होतं. तो रंग उडाला की धातू जागा झाला असं समजायचं. पण रंग उडायचं नाव घेत नव्हता.

दुपारची सुस्ती प्रयोगशाळाभर पसरली होती. चंबूत हवा शिरू नये म्हणून सोडलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे शेजारच्या नळीतल्या तेलातून एकेक करत वर येत होते. त्यांच्याकडे बघता बघता तिला वाटायला लागलं, आपणही त्या तेलाच्याच तळाशी बसलोय आणि वरचं जग कुठंतरी लांब, मऊ आवाजात चाललंय.

मागे खुर्चीत बाई बसल्या होत्या. हे सगळं काम तिला हाताला धरून शिकवलं ते त्यांनीच. आज त्यांचा नोकरीतला शेवटचा दिवस. भाषणं सकाळीच उरकली होती, मुलगा खाली गाडी घेऊन थांबला होता. चंबूवरच्या तोटीच्या नरसाळ्यातलं ब्रोमाइड बाईंनी डोळे अधू व्हायच्या आधी स्वतःच्या हातानं बनवलेलं, आणि आता तेवढंच उरलेलं. मॅग्नेशियमशी त्याचं जुळलं, तर जे तयार होईल ते कार्बनला कार्बन जोडून देतं, किती तऱ्हांनी ते सांगता सोय नाही. बाई वर्षानुवर्षं ज्या रेणूच्या मागे होत्या, तो त्यातूनच होणार होता. हे वाया गेलं की संपलं.

त्यातलं थोडंसं तिनं आधीच सोडलं होतं. खाली कोमट पाणी लावून झालं, काचेच्या कांडीनं कीस चुरडून झाला. चंबू ढिम्म.

"अजून सोड," बाई म्हणाल्या.

तिनं वाकून चंबूत पाहिलं. रंग तसाच होता.

"अगं, सोड सगळं. होऊन जाऊ दे एकदाचं."

तिचा कानांवर विश्वास बसेना. अभिक्रिया सुरू व्हायच्या आधी जास्त ओतलं म्हणून याच बाईंनी तिला एकदा सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं. साठलेलं सगळं एकदम उसळतं, ईथर नळीतून बाहेर येऊन पेट घेतं, मग ना रेणू हाती लागतो ना भुवया शाबूत राहतात, असं त्याच सांगायच्या. तिची बोटं तोटीवर होती आणि बाईंचं ऐकायची त्यांना जुनी सवय होती. तिनं तोटी घट्ट बंद केली.

"नाही बाई."

पोरगी शेफारली, असं काहीतरी पुटपुटत बाईंनी तोंड फिरवलं. मुलाचा फोन आला, तो त्यांनी उचललाही नाही.

मग कधीतरी तपकिरी रंग विरळ झाला. किसाच्या एका तुकड्यावर बारीक बुडबुडा धरला, सुटला, दुसरा धरला. आत राखाडी धुकं उतरलं. तिनं पाण्याचं भांडं काढून घेतलं, तरी ईथर आपल्याच उबेनं उकळत राहिलं.

"सुरू झालं," ती झोपलेल्या बाळाजवळ बोलावं तसं म्हणाली.

बाई उठल्या. काचेला न लावता त्यांनी तळवा जवळ धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"मी काय सांगत होते गं तुला मघाशी?"

"लक्ष नव्हतं माझं."

तिनं तोटी किंचित उघडली. हे थेंबाथेंबानंच जायला हवं, तिनं सांगितलं. मग पुढचं मिसळून रात्रभर ढवळायचं, रेणू झाला की नाही ते कळायचं उद्याच.

"मग उद्या येते."

"बाई, निरोप समारंभ झाला तुमचा."

"समारंभ झाला. काम कुठं झालंय?" बाई म्हणाल्या. मुलाला घरी जायला सांगून त्यांनी खुर्ची चंबूजवळ ओढून घेतली.