दुर्बिणीच्या तोंडातला उजेड

जहाज उद्या सुटायचं होतं. आजच्या चाचणीत दुर्बीण पास झाली तर ध्रुवावर रवाना, नाहीतर वर्षभर इथंच धूळ खात पडायची. आणि तिचा आराखडा काढणाऱ्या बाईंचा जीव टांगणीला.

उष्णता बघणारी दुर्बीण ती. जे जे गरम, ते तिला दिव्यासारखं लखलखीत दिसायचं. सकाळी सासूबाईंनी विचारलंच, "एवढ्या थंडीत पाठवताय, तिला पांघरायला काय?"

"काही नाही, आई. जितकी गारठेल तितकं तिला छान दिसतं."

"तऱ्हाच आहे एकेक!"

आता बाईंनीच नुकती आत नेऊन लावलेली ती दुर्बीण बर्फाहून गार केलेल्या खोलीत, एका काळ्या थंड पत्र्यासमोर उभी होती. पत्रा म्हणजे आकाश. बाहेरच्या पडद्यावर नुसता काळोख दिसायला हवा होता. दिसत होता मात्र कोपऱ्यात एक उजळ डाग.

"कुठलीतरी तार तापतेय," साहेब म्हणाले.

बाई जाडजूड कोट चढवून आत गेल्या. तारा तपासल्या, बाहेर आल्या. डाग होताच, आणि आता जागाही बदललेला.

"स्क्रू सैल असेल."

पुन्हा कोट, पुन्हा आत. या खेपेला दोन डाग.

"बाई, तुम्ही दुरुस्त करताय की पेरताय?" फिटरकाकांनी विचारलं.

बाईंनी चिडून पडद्याला नाक लावलं. दुसऱ्या डागाला चार बोटं होती. शेजारी अंगठाही.

त्यांनी हळूच आपला हात पाठीमागे नेला. तापलेल्या पोराचं कपाळ चाचपावं तसा, दर खेपेला निघताना जाड हातमोजा काढून बाई दुर्बिणीच्या तोंडात हात घालत, आतल्या काळ्या कडेवर टेकवत. वर्षानुवर्षांची खोड. आपण असं करतो हे त्यांना आजच कळत होतं.

"काय सापडलं?" साहेबांनी विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या. "आता कुणी आत जायचं नाही. मी तर मुळीच नाही."

वाट बघणं फार जड गेलं. तिला एकटीला तिथं सोडून खुर्चीत बसायचं, म्हणजे काय! दोनदा त्या उठल्या, दोनदा काकांनी नुसतं बघितलं. डाग फिकटले, विरले, आणि पडदा काजळासारखा काळा झाला.

"पास!" साहेब ओरडले. "शाब्बास! थांबा, तिच्या पाठीवर एक थाप मारून येतो—"

साहेबांचा कोट मागून सगळ्यांनीच धरला. पण सर्वांत घट्ट बाईंनी.