चाकाला टाकी

वैशाखाची दुपार कोल्हापूरच्या उद्यमनगरावर घणासारखी कोसळत होती. पत्र्यापत्र्यावर तिचा घाव, भिंतीभिंतीवर तिचा घाव, रस्त्याकडेच्या गंजलेल्या सळ्यांवर, टपरीपुढच्या पाण्याच्या पिंपावर, झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीवर तिचा घाव. आभाळाचा निळा रंग कधीच होरपळून गेला होता. त्या गल्लीत सावली मागायची म्हणजे दगडाकडे दूध मागायचं.

आणि त्या रौद्र, लोहगंधी, पांढऱ्याफटक उजेडात गल्ली आपल्या कामात दंग होती. लेथ घरघरत होते, हातोडे बोलत होते, वेल्डिंगचे निळे डोळे उघडत होते, मिटत होते. लोखंड कापलं जात होतं, ठोकलं जात होतं, भाजलं जात होतं. आणि लोखंडही काही मुकाट सोसणारं नव्हे, ते ठिणग्यांच्या मुठी भरभरून परत फेकत होतं. इथे कुणी हळू आवाजात बोलत नाही. हळू बोललेलं ऐकूच येत नाही.

गल्लीच्या टोकाच्या शेडमध्ये अंजिरा लेथवर उभी होती. नवरा गेला तेव्हा लेथ विकायला निघालेल्या दिरांना तिने उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं, पदर खोचला आणि स्वतः हँडल धरलं. त्याला नऊ वर्षं झाली. तिने कातलेला दांडा हातात आला की गिऱ्हाईक मापपट्टी खिशातून बाहेर काढत नसे.

पण गेले सात महिने ती तेलाला शिवली नव्हती. यंत्राला तेल द्यायला शेजारचा कारागीर यायचा. स्वतःच्या केसांनाही तिने थेंब लावला नव्हता, ते तांबूस, रुक्ष होऊन कपाळावर उडत होते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. या बाईने ताकाचं भांडंच पालथं घातलं होतं.

दारातला उजेड एकाएकी तुटला. तिची लेक आली होती, दुर्वा. बावीस वर्षांची, काटक, उन्हाने करपलेली. उजव्या जबड्यात धातूच्या पट्ट्या, डाव्या नडगीत सळई. एका खांद्यावर सायकल, दुसऱ्या हातात एक खोकं. सात महिन्यांत ती पहिल्यांदाच या शेडची पायरी चढत होती.

सायकल म्हणायची ती रिवाजापुरती. तिला बसायला जागा नाही, घंटी नाही, कॅरियर नाही. ती कुठे जाण्यासाठी नसतेच. पायरीवरून कठड्यावर, कठड्यावरून भिंतीवर, भिंतीवरून खाली, पाय जमिनीला न टेकवता उड्या घेण्यासाठी ती असते. त्या खेळाला ट्रायल्स म्हणतात. त्यात पळण्याला किंमत नाही, थांबण्याला आहे. हवेतून येणारा अख्खा देह वीतभर कडेवर आणून जागच्या जागी थांबवायचा. थांबवतो तो ब्रेक. आणि ब्रेकने दगा दिला तर थांबवतो तो दगड.

दुर्वाला दसऱ्याच्या दिवशी दगडाने थांबवलं होतं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. हत्यारं धुवायची, पुसायची, त्यांना तेल द्यायचं, हळदीकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, हा गल्लीचा नेम. अंजिराने लेथ पुजला, पाने पुजले, हातोडी पुजली. मग कोपऱ्यातली सायकल दिसली. लेकीचं शस्त्र ते, त्याला उपाशी कसं ठेवायचं? तिने सायकल धुतली. चाकाच्या एकेका आरीला, आरी रिममध्ये शिरते त्या एकेका भोकाला, तान्ह्याला पाजावं तसं थेंब थेंब तेल पाजलं. वर हार घातला. लांब उभी राहून डोळे भरून पाहिलं. करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

कारण त्या सायकलचा ब्रेक रिमलाच दोन्ही बाजूंनी चावून धरायचा. सकाळी दुर्वाने दोनदा दाबून पाहिला, त्याने धरलं. मग ऊन चढलं, चाक फिरत राहिलं, आणि भोकांतलं तेल पाझरत पाझरत रिमच्या कडेवर आलं. बंद पडलेल्या सूतगिरणीत तिने पुरुषभर उंच भिंतीवरून माल उतरवायच्या धक्क्यावर उडी घेतली, ब्रेक आवळला. ब्रेकने रिम नुसती चाटली. धक्का संपला.

खाली काळ्या दगडांची फरसबंदी होती. जबडा तीन ठिकाणी फुटला. चार दात दगडांवर सांडले. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं आणि दसऱ्याच्या उन्हात पांढरं चमकलं. रक्ताच्या थारोळ्यात चाक फिरतच होतं, आणि चाकाबरोबर झेंडूचा पिवळा हार फिरत होता.

तोंड तारांनी बांधलेलं होतं तोवर दुर्वा बोलली नाही. तारा निघाल्या, तरी आईशी बोलली नाही. एकाच घरात दोन ताटं, दोन अंथरुणं, आणि मध्ये भिंतीसारखा उभा अबोला. अंजिराला एक भय होतं: पोर आपल्या हाताला पुन्हा कधी सायकलला शिवू देणार नाही. आणि त्याहून मोठं एक भय होतं: देईल.

दुर्वाने सायकल उलटी करून जमिनीवर ठेवली. मागच्या चाकाला नवीकोरी रिम होती: रुंद, चांगली तीन बोटं रुंद, वजन कमी व्हावं म्हणून पोटाला गोल गोल भोकं पाडलेली. जुनी रिम अरुंद. तिच्यावरचा टायर कडेवर उतरला की एका कुशीवर लोळायचा. या रुंदीवर तो मांडी घालून बसला होता. हवा कमी ठेवली तरी लोळणार नाही, दगडाची कड मुठीत धरावी तशी धरील. रिमचा निवाडा झालेला होता. वाद उरला तो ब्रेकचा.

खोक्यात दोन ब्रेक होते. एक, मित्रांनी 'लावून बघ' म्हणून दिलेली डिस्क: ताटलीसारखी चकचकीत, चाकाच्या मध्यावर बसणारी, शांत, सभ्य. दुसरा तिचा जुनाच, रिमला चावणारा. आणि या दुसऱ्याची एक खोड होती. गुळगुळीत रिमला तो धरत नाही. रिमच्या दोन्ही कडांवर ग्राइंडरने बारीक, दाट, एकसारखे चरे पाडावे लागतात. पाटा गुळगुळीत झाला की मिरची नुसती सरकते, वाटली जात नाही. मग पाट्याला टाकी लावावी लागते, तसंच हे. अंजिराची आई दारोदार 'टाकीऽऽ लावायची का, पाट्याला टाकीऽऽ' ओरडत छिन्नी-हातोडी घेऊन हिंडलेली. ती टाकी अंजिराच्या मनगटात उतरली होती. दुर्वाच्या चाकाला आजवर दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

डिस्क घे, अंजिरा मनात म्हणत होती. डिस्क घे पोरी. तिला चरे लागत नाहीत, तिला मी लागत नाही.

दुर्वाने डिस्क उचलली, उजेडात धरली, बोटांवर फिरवली. मग ती खोक्यात आपटली आणि सात महिन्यांनी आईकडे तोंड करून बोलली.

"ही ढील देती. थांबलो म्हणूस्तोवर चाक बोटभर सरकतंय. मला गच्च पायजे." कोल्हापूरच्या पोरी 'आलो, गेलो' अशाच बोलतात, तिचा जबडा मात्र एकेक शब्द दगडासारखा उचलून ठेवत होता. "रिम घास."

"माझ्या हातानं न्हाई व्हायचं ते."

"मग कुणाच्या हातानं?"

"कुणाच्याबी. गल्ली भरलीया माणसांनी. माझ्या हातानं एकदा झालंय, तेवढं पुरं."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, अशी ती पोर.  तिने फळीवरचा ग्राइंडर ओढला, बटण दाबलं, एका हाताने चाक फिरवलं आणि दुसऱ्या हाताने ती फिरती चकती रिमला भिडवली.

लोखंड रागावलं तर ठिणग्या उडवून मोकळं होतं. अल्युमिनियमला ठिणगी नसते. ते नुसतं किंचाळतं, आतल्या आत, आणि राखाडी धूळ ओकत राहतं. शेड त्या किंकाळीने भरली. कच्च्या हातातला ग्राइंडर बिथरला, रिमवर एक खोल, वाकडा ओरखडा काढून उसळला, आणि उतरताना दुर्वाच्या मनगटावरून गेला. मऊ मातीत नांगर जावा इतक्या सहज गेला. पांढरी रेघ, मग तांबडी रेघ, मग कोपरापर्यंत ओघळ.

तरी तिने तो सोडला नाही. पुन्हा टेकवला.

अंजिराने वायर हिसकली. चकतीची किंकाळी मंदावली, आणि त्याच क्षणी अंजिराच्या आत काहीतरी तुटलं. सात महिने गिळलेलं सगळं, दगडांवरचे चार दात, तारांनी बांधलेल्या तोंडावरचे दोन डोळे, दोन ताटं, दोन अंथरुणं, सगळं सगळं तिच्या खांद्यात उतरलं, दंडात उतरलं, तळव्यात उतरलं. तिने लेकीच्या मुस्काटात मारली. अशी मारली की शेजारच्या शेडमधला हातोडा वरच्या वर थांबला. दुर्वा कोलमडून लेथवर आदळली.

 फक्त रक्ताचा थेंब, थेंब, थेंब, फरशीवर.

दुर्वाने हळूच हात वर नेला आणि गाल चाचपला. डावा गाल. उजव्या गालाखाली पट्ट्या होत्या, जुळत आलेलं हाड होतं. आणि आई तिच्या उजव्या अंगाला उभी होती. जवळचा गाल टाळून, हात लांबवून, वळवून, तिने डावा गाल गाठला होता.

"बघ," दुर्वा म्हणाली.  "एवढ्या रागातबी हाताला कळतंय, कुठलं हाड तुटलंय ते. मायेनं तेल पाजलंस. आता रागानं घास."

अंजिरा रडली नाही. तिने पदर फाडला आणि लेकीचं मनगट आवळून बांधलं, इतकं आवळून की पोर कळवळली. मग बाकावरच्या शिकंज्यात चाक पकडलं, वायर जोडली, ग्राइंडर दोन्ही हातांनी धरला.

आणि ती घासू लागली.

तिने दसरा घासला. तिने झेंडू घासला. दगड घासला, देव घासला, स्वतःची आंधळी, तेलकट, मिजासखोर माया घासली. चकती रडत होती, धातू रडत होता, रुपेरी भुकटी तिच्या भुवयांवर, ओठांवर, गळ्यावर साचत होती. मन पेटलेलं होतं, आणि हात मात्र थंड होता. चऱ्याशेजारी चरा, चऱ्याशेजारी चरा, केसभर अंतर, केसभर खोली, ना कमी ना जास्त. दुर्वाचा तो वाकडा ओरखडाही तिने चऱ्यांच्या गर्दीत जिरवून टाकला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. चाकाला देवपण नको होतं, दात हवे होते. ते तिने दिले.

ब्रेक चढवला. आवळला. दुर्वाने चाक फिरवून कळ दाबली, आणि चाक असं थांबलं की सगळी सायकल जागेवरून उडाली.  दुर्वाने सायकल खांद्यावर घेतली आणि निघाली. कुठे, ते विचारायची गरज नव्हती. अंजिराने शेडचं दार ओढून घेतलं आणि तिच्या मागोमाग चालू लागली.

सूतगिरणीत गवत वाळून पिवळं पडलं होतं. तीच भिंत, तोच धक्का, तीच फरसबंदी. दुर्वा भिंतीवर चढली, सायकल ओढून घेतली, स्वार झाली. खाली धक्क्यावर उभ्या अंजिराला ती फार लहान दिसत होती. तिच्या मनगटावरचं फडकं लाल झालं होतं. ती दोनदा पुढे आली, दोनदा मागे सरली. तिसऱ्यांदा कडेवर थबकली ती थबकलीच. ती घाबरली होती. तिचं अख्खं अंग ते सांगत होतं.

तेव्हा अंजिरा धक्क्यावरून खाली उतरली. छातीएवढा उंच धक्का, त्याच्या कडेला, जिथे चार दात सांडले होते नेमक्या त्या दगडांवर, ती धक्क्याकडे तोंड करून उभी राहिली.

"आई, बाजूला हो!"

"न्हाई."

"घसरलो तर तुझ्या तोंडावर येईन!"

"माझ्या हातचं हाय ते," अंजिरा म्हणाली. "घसरलं तर मला लागू दे. ये."

दुर्वाने भिंत सोडली.

क्षणभर आभाळात नुसतं एक चाक होतं. मग मागचं चाक धक्क्यावर आदळलं, पायाखालचा दगड हादरला, ब्रेक आवळला गेला, आणि चाकाने अशी किंकाळी फोडली की गिरणीच्या धुराड्यातली कबुतरं थव्याने उठली. ते अंगावर आलं. देह, धातू, रबर, वेग, सगळं एकवटून सरळ तिच्या अंगावर आलं. अंजिराने डोळे मिटले नाहीत.

मागचं चाक कडेपासून चार बोटांवर रुतून उभं राहिलं, जणू तिथेच जन्मलेलं. दुर्वाचा पाय जमिनीला लागला नाही. पुढचं चाक धक्क्याबाहेर, हवेत, अंजिराच्या कपाळापासून वीतभर अंतरावर, अजून गरगरत होतं. त्याचा वारा तिच्या चेहऱ्याला लागत होता. वर लेक हमसून हमसून श्वास घेत होती. अंजिराने हात वर केला, धुळीने रुपेरी झालेला तळवा अलगद त्या चाकाला टेकवला. आणि चाक फिरत फिरत, मंद होत होत, तिच्या हाताखाली थांबलं.