विमानाची पाठ

विमानाचं पोट कुणालाही दिसतं. मान वर केली की झालं. पण विमानाची पाठ बघितलेला माणूस आणा म्हटलं असतं, तर अमिरातीतल्या खोर फक्कानच्या सगळ्या लेबर कॅम्पांत मिळून एकच निघाला असता. तो म्हणजे चिपळूणकडचा बाबाजी पाष्टे. वय एक्कावन्न, शिक्षण सातवी, हुद्दा सर्व्हे हेल्पर.

सर्व्हे हेल्परचं काम सांगायला सोपं आहे. डोंगरातून नवा रस्ता जायचा होता. इंजिनियर खाली दुर्बिणीला डोळा लावणार आणि बाबाजीनं मापाच्या खुणांची चार मीटर उंच पट्टी धरून डोंगरावर उभं राहायचं. हलायचं नाही. पट्टी जरा कलली की आकडा चुकला आणि आकडा चुकला की शिव्या हेल्परला. अठरा वर्षं बाबाजी असा न हलता उभा होता, आणि त्याच्या हातून एकही रीडिंग चुकलं नव्हतं. हे तो स्वतःच सांगायचा, पण खरं होतं.

चौऱ्याण्णव सालच्या हिवाळ्यात ते घडलं. साडेदहाच्या चहाला बाकीचे खाली पिकअपच्या सावलीत गेले. बाबाजी वरच थांबला, कारण उतरून पुन्हा चढायचं तर गुडघे बोलायचे. एवढ्यात दरीतून एक लढाऊ विमान आलं. वरून नाही, खालून! त्याच्या पायांच्याही खालून. रुंद करडी पाठ, पसरलेले पंख, काचेच्या आत पायलटचं हेल्मेट, सगळं एका क्षणात दिसलं आणि मग कानठळ्या बसवणारा आवाज आला. चहावाले खाली कान झाकून बसले होते. बाबाजी मात्र एकटाच मोठमोठ्यानं हसत होता.

सुट्टीला गेल्यावर त्यानं हे बायकोला सांगितलं. ठकुबाई भाकरी थापत होती. तिनं हातसुद्धा थांबवला नाही. म्हणाली, "माणसाला विमानाचं पोट दिसतं. पाठ देवाला. काहीही सांगता!"

झालं. बाबाजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. परत आल्यावर त्यानं बर दुबईतल्या जुन्या सामानाच्या दुकानातून एक रशियन कॅमेरा घेतला. हा कॅमेरा विटेएवढा जड होता, पण पाष्ट्यांचा हात पट्टी धरून तयार झालेला होता. कॅम्पात लोक पत्ते कुटतात, चोरून दारू पितात, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. बाबाजी विमानांचे फोटो काढतो म्हटल्यावर मात्र सगळ्यांना त्याच्या डोक्याची काळजी लागली.

विमानं यायची मंगळवारी, कधी रविवारी, बरोबर चहाच्या वेळेला. दिसायची दोन सेकंद. फोटोत यायचा दगड, धूर, नाहीतर नुसती शेपटी. तरी प्रत्येक फोटोच्या मागे बाबाजी पेन्सिलीनं नोंद करायचा: खडकावर रंगवलेली उंची, वेळ, वारा. रीडिंग लिहिलं नाही तर ते घेतलंच नाही, असा सर्व्हेचा नियमच असतो. त्याखाली एक ओळ ठकूसाठी. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तो सुट्टीत एकेक फोटो उलटा करून वाचून दाखवायचा. शहाण्णवच्या सुट्टीत तिनं सगळे फोटो बघितले आणि पदर तोंडाला लावून हसली. "ही शेपटी. हे दगड. आणि हा तुमचा अंगठा."

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये मात्र पाठ सापडली. सबंध पाठ, या पंखापासून त्या पंखापर्यंत, आणि काचेतून वर बघणारा पायलट. खोर फक्कान गावातल्या फोटो स्टुडिओची मालकीण जहांआरा मूळची हैदराबादची. तिनंच तो रोल धुतला. फोटो बघून ती इतकी खूश झाली, की तिनं त्याची मोठी प्रत काढून दुकानाच्या काचेत लावली, एका नवरीच्या आणि पासपोर्टवाल्या बाळांच्या मधोमध.

"रहने दो भाईसाब, चार दिन लोगां भी तो देखें," ती म्हणाली. बाबाजीला नाही म्हणायचं सुचलं नाही. खरं सांगायचं तर त्याला ते फार आवडलं होतं.

चौथ्या दिवशी पोलिस आले. फोटो काढून घेतला आणि कुणाचा म्हणून विचारलं. जहांआरानं गिऱ्हाइकाचं नाव आठवत नाही म्हणून सांगितलं. उद्यापर्यंत नाव द्या, नाहीतर दुकान बंद, असं बजावून ते गेले. रडत रडत तिनं कॅम्पावर फोन केला, तेव्हासुद्धा ती हेच म्हणत होती, की मी तुमचं नाव सांगितलेलं नाही.

ही बातमी इंजिनियर अनिलच्या कानावर गेली. अनिल अठ्ठावीस वर्षांचा, दुबईतच वाढलेला, तिथल्याच ऊद मेथा भागातल्या भारतीय शाळेत शिकलेला. तो थेट बाबाजीच्या खोलीत आला.

"बाबाजी, धिस इज सीरियस. मिलिटरीच्या विमानांचे फोटो इथे बॅन आहेत. ते सगळे जाळा. कॅमेरा समुद्रात टाका. त्यांच्याकडे तुमचं नाव नाहीये."

"माझ्या डोंगरावर तशी पाटी नव्हती, साहेब."

"पाटी नव्हती म्हणून कायदा नाही असं थोडंच आहे! आणि फोटोंच्या मागे हे सगळं लिहिलंय, उंची, टाइम, विंड. कुणालाही स्पाय वाटाल. जेल होईल, मग व्हिसा कॅन्सल. घरी काय सांगणार?"

बाबाजी घाबरला. घर चालत होतं ते याच व्हिसावर. पण दुसऱ्याच क्षणी त्याला राग आला, आणि तो राग भीतीपेक्षा मोठा होता. "आणि त्या बाईचं दुकान? मी चोरी केली नाही, साहेब. जाळतो तो चोर."

सकाळी तो बिस्किटांच्या डब्यात एकसष्ट फोटो आणि सगळ्या निगेटिव्ह भरून, गळ्यात कॅमेरा अडकवून, टॅक्सीनं पोलिस ठाण्यात गेला. टेबलावर डबा ठेवला आणि म्हणाला, "काचेतला फोटो मेरा है. उस बाई का कुछ कसूर नहीं."

अंमलदार अरब होता, पन्नाशीचा. हिंदी मोडकंतोडकं बोलायचा. त्यानं एकेक फोटो उलटा केला. आकडे इंग्रजी होते, कारण पट्टीवर तसेच असतात. बाकीचं मराठी.

"ये चार सौ बारह पॉइंट छह क्या है? ये टाइम? किसको देता है?"

"घरवाली को."

"घरवाली किधर?"

"इंडिया. गाँव में."

"वो पढ़ती है?"

"नहीं साब. मैं पढ़ के सुनाता."

अंमलदारानं फोटो परत डब्यात ठेवले. मग कंपनीला फोन करून ही भाषा वाचणारा माणूस बोलावला. तासाभरानं अनिल आला तो घामाघूम. त्याला खुर्ची दिली, डबा पुढे सरकवला आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं. अनिल आधी मराठी वाचायचा, मग त्याचं हिंदी करायचा.

"चारशे बारा पॉइंट सहा. दहा चाळीस. वारा समुद्राकडून. ठकू, आज चुकला. नुसता डोंगर आला."

"चारशे बारा पॉइंट सहा. दहा एकोणचाळीस. वारा नाही. ठकू, आज शेपटी आली. तू हसशील. हस."

शेवटचा फोटो काचेतलाच, त्याची छोटी प्रत. "दहा एक्केचाळीस. ठकू, ही बघ पाठ. त्यानं वर बघितलं. मी हात केला. आता बोल."

अंमलदारानं चहा मागवला, तीन कप. मग त्यानं अरबीत एक कागद लिहिला आणि पुढे केला. "कॅमेरा, फोटो, सब जमा. वापस नहीं मिलेगा. इधर लिखा है, गलती से निकाला. साइन करो, केस नहीं. खलास."

अनिलनं लगेच पेन बाबाजीच्या हातात दिलं. बाबाजीनं ते टेबलावर ठेवलं.

"गलती से नहीं निकाला, साब."

अनिलनं टेबलाखालून त्याला लाथ मारली. अंमलदाराच्या भुवया वर चढल्या. "तो जानबूझ के?"

"जानबूझ के. चार साल लगा. कानून मालूम नहीं था, वो लिखो, सच है. आगे नहीं निकालूँगा, वो भी लिखो. लेकिन गलती से मत लिखो."

"अहो, एका शब्दासाठी डिपोर्ट व्हायचंय का?" अनिल कळवळून म्हणाला.

"साहेब, तुमचं रीडिंग चुकून बरोबर आलं, असं उद्या कुणी लिहिलं तर तुम्ही सही कराल?"

अंमलदारानं अनिलला सगळं दोनदा समजावून सांगायला लावलं, मग कागद फाडला आणि दुसरा लिहिला. "मैं लिखता. ऊपर वाला साब क्या करेगा, मालूम नहीं. इन्शाल्ला." बाबाजीनं अनिलकडून शब्द न् शब्द समजून घेतला आणि ठसठशीत सही केली.

वरच्या साहेबानं केस केली नाही. जहांआराचं दुकान वाचलं. कंपनीनं मात्र कटकट नको म्हणून बाबाजीचा व्हिसा पुढे वाढवला नाही. अठरा वर्षं न हललेला माणूस एका सहीनं हलवला. त्याला वाईट वाटलं, रात्रभर वाटलं. पश्चात्ताप मात्र क्षणभरही झाला नाही.

विमानतळावर सोडायला अनिल स्वतः गाडी घेऊन आला. निघताना त्यानं रीडिंगच्या वहीतलं एक पान फाडून दिलं. मंगळवारी तो चहा सोडून एकटाच डोंगर चढला होता.

पावसाळ्याच्या तोंडावर बाबाजी गावी पोचला. ओटीवर चार शेजारी जमले. त्यानं सगळी हकिगत सांगितली. एक जण हसून म्हणाला, "पण फोटो कुठाय?"

"पोलिसात."

सगळेच हसले. बाबाजीनं खिशातून पान काढलं आणि ठकुबाईकडे बघून वाचलं. "चारशे बारा पॉइंट सहा. दहा चाळीस. वारा समुद्राकडून. विमान खालून गेलं. पाठ दिसली. बाबाजी पाष्टे यांचं रीडिंग मी स्वतः उभा राहून तपासलं. बरोबर आहे. खाली सही, सर्व्हे इंजिनियर."

"कागद काय, कुणीही लिहील," तोच शेजारी म्हणाला.

ठकुबाई उंबऱ्यात उभी होती. ती पुढे आली, नवऱ्याच्या हातातून पान घेतलं, नीट घडी घालून कमरेला खोचलं.

"थापच मारायची असती तर हे पोलिसांच्या कागदावर 'चुकून काढला' असं लिहून मोकळे झाले असते," ती म्हणाली. "नोकरीवर असते ते आजही. ह्यांनी पाठ बघितलीय. नसेल पटत त्यानं डोंगर चढून बघून यावं, आणि मग माझ्या ओटीवर बसावं."

शेजारी चहा न घेताच उठले.