पहिली भाकर कुठे फाटते

मित्रांनो, माझ्या अंगाला अजूनही ज्वारीच्या पिठाचा वास येतो. मी जयवंताबाईंच्या घरची, पीठ मळून भाकर थापायची जुनी लाकडी काठवट. त्याआधी मी बेज्जूरच्या रानात शिवणीचे झाड होते. एका सुताराने मला हळूहळू कोरले, मधे खोलगट केले, कड गोल केली, आणि जयवंताबाईंच्या लग्नात मी त्यांच्यासोबत आदिलाबादजवळच्या या गावी आले.

त्यांचा नेम साधा. सकाळी आंघोळ, तुळशीला पाणी, आणि माझ्यात थापलेली पहिली भाकर गाईला. ती अखंडच हवी. फाटकी नैवेद्याला चालत नाही. शेजारणी म्हणायच्या, "बाई, तुयी काठवट म्हंजे चंद्राचा साचा!" मी मनात फुलायचे.

पुढे घरात चकचकीत परात आली. मी नेमापुरती उरले. एक भाकर झाली की दिवसभर ओट्यावर उन्हात पडून राहायचे.

या हिवाळ्यात पहिली भाकर फाटू लागली. रोज. जयवंताबाईंचे यजमान मारोतराव म्हणाले, "तेजूची माय, हे लाकूड चुलीत घाल आन् परातीत थाप."

"लाकडाचा काय दोष जी? देवच रुसला," जयवंताबाई हळूच म्हणाल्या. "उद्या फाटली तं नेम सोडते मी. देवाले फाटकं दाखवत काऊन राहू?"

संक्रांतीच्या सुट्टीत लेक तेजस्विनी घरी आली होती. ती हैदराबादेत पदार्थविज्ञानाचे संशोधन करते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आईजवळ येऊन बसली. पीठ मळता मळता आईने विचारले, "तू तिथं करते तरी काय वो बाई?"

"कण एकमेकांवर कसा जोर लावतात, ते काढते. एकदम नाही निघत आई. आधी ढोबळ उत्तर, मग त्यात बारीक भर, मग आणखी बारीक. आधी उत्तर सुधरत जाते. पण थांबलंच नाही तर पुढची भर मोठी मोठी होत जाते अन् सगळं बिघडवते."

"म्हंजे तुयी बी भाकर फाटते म्हन की!"

दोघी हसल्या. तेवढ्यात थापता थापता भाकर फाटली. जयवंताबाईंचे हसू जागीच विरले.

"झालं," त्या म्हणाल्या. "सुटला माया नेम."

"थांब ना. आमी बिघडलेलं टाकत नाही. ते कसं बिघडत जाते, त्यावरून आत लपलेलं कळते. भर घालून घालून जे कधीच दिसत नाही, ते. अजून एक थाप बरं."

दुसरीही फाटली. तेजस्विनी वाकून बघत होती. "लहान असते तवा काही होत नाही. मधून कडेकडे इतकी पसरली, की तिथंच फाटते. प्रत्येक खेपेस तेवढीच."

तिने पीठ झटकले आणि माझ्या तळावरून बोट फिरवले. कडेजवळ ते अडले. उन्हाने मला तडा गेला होता, केसाएवढा, कायम पिठाखाली झाकलेला. भाकर तिथवर पोचली की तिची कड त्यात अडकायची.

"देव नाही रुसला, आई. ही चीर हाये."

जयवंताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग हळूच विचारले, "लहान केली तं गाईले चालन का?"

"तिले विचार."

तिसरी भाकर त्यांनी चिरेच्या अलीकडेच थांबवली. लहानशी, पण अखंड. गाईने एका घासात संपवली आणि आणखी मागायला मान पुढे केली.

त्याच दिवशी दोघींनी माझा तडा लाखेने भरला आणि मला जवसाचे तेल चोळले. आता मी सावलीत असते.

परवा तेजस्विनीचा फोन आला. "आई, माया हिशेबातली चीर बी सापडली!"

"मंग भर तिले लाखेनं."

"ती भरायची नसते वो! तिलेच तं शोधत होती मी."

मित्रांनो, घरातली जुनी लाकडी माणसे उन्हात टाकू नका, अधूनमधून तेलाचा हात फिरवा. आणि काही पुन्हा पुन्हा एकाच जागी फाटत असेल, तर रागावण्याआधी, रडण्याआधी, पीठ बाजूला सारून तिथे एकदा बोट लावून बघा.