शालीची घडी

फोटोवाल्याचं प्रिंटरशी बिनसलं होतं. फोटोतला गडद भाग नुसता काळाठिक्कर उमटायचा. खरं तर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या करड्या छटांची पट्टी छापायची, छटांचा गडदपणा मीटरने मोजायचा आणि त्यावरून त्या कागदाचं प्रोफाइल, म्हणजे कुठल्या छटेला किती शाई सोडायची याचा तक्ता, प्रिंटरला बनवून द्यायचं, एवढंच काम. पण याला धीर कुठला? शाई ओली असतानाच मोजायला बसायचा आणि आकडे चुकायचे.

"अहो, ओल्या कपड्यांच्या घड्या घालतं का कुणी?" म्हणत बायकोने ताजी पट्टी त्याच्या हातातून काढून कपाटावर वाळत ठेवली.

दुसऱ्या दिवशी वाळलेल्या पट्टीवरून प्रोफाइल झकास जमलं. खुशीत त्याने बायकोचाच आरामखुर्चीतला फोटो पुन्हा छापला. मांडीवरच्या काळ्या शालीची वीण न् वीण दिसायला लागली. आणि इतके दिवस ज्याला तो शालीची घडी समजत होता, ते निघालं गाढ झोपलेलं काळं मांजर. वर बायकोचा हात. मांजराला मांडीवर घ्यायचं नाही, केस लागतात, हा घरातला नियम तिचाच.

त्याने फोटो तिच्यापुढे केला. तिने तो खिडकीपाशी नेऊन निरखून पाहिला.

"उगाच वाळू दिली मी ती पट्टी," ती म्हणाली.