पिंपाची पायरी

ही गोष्ट एकोणीसशे एकाहत्तर सालची. त्या वर्षी शाळेला साठ वर्षं पुरी झाली होती आणि एकाच घरातल्या दोन जावा एकाच शाळेत शिकवत होत्या. थोरली इतिहास शिकवायची, धाकटी चित्रकला. थोरलीला मुलं पाठीमागे ‘गजर’ म्हणत. धाकटीला नुसतं ‘आमच्या बाई’ म्हणत, आणि थोरलीला नेमकं तेच झोंबायचं.

शाळा शहराच्या पोटात, अगदी दाटीत होती. एका अंगाला छापखाना, दुसऱ्या अंगाला टायरवाले, समोर शिवणयंत्रं दुरुस्त करणारा. छापखान्यातलं यंत्र सुरू झालं की पहिल्या मजल्यावरच्या खिडक्यांच्या काचा थरथरत. शाळा सरकारी, फी नाही. त्यामुळे हमालाचा मुलगा आणि घड्याळजीची मुलगी एकाच वर्गात बसत. मुळात ते मिठाचं गोदाम. एका करारी बाईंनी त्यातल्या दोन खोल्या मागून घेतल्या आणि वर्ग सुरू केले. त्याच शाळेच्या पहिल्या मोठ्या बाई. पुढे मजले चढले, लढाईच्या काळात तिथे जखमी सैनिकांचं इस्पितळ झालं, मग पुन्हा शाळा झाली. हे सगळं थोरलीला तोंडपाठ.

दरवर्षी शाळेच्या पहिल्या दिवशी नव्या मुलांची ‘फेरी’ निघे. एक शिक्षिका त्यांना तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत नेई आणि खोली-खोलीची हकिकत सांगे. फेरी संपायची ती तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत. तिथे पहिल्या मोठ्या बाईंची खुर्ची होती. प्रत्येक मुलाने तिच्यावर क्षणभर बसायचं आणि मोठ्याने म्हणायचं, “मी आलो,” “मी आले.” तेवढं म्हटलं की मूल शाळेचं झालं. ही फेरी वर्षानुवर्षं थोरलीची होती. खोलीची चावीही तिच्याचकडे. उन्हाळ्याची सुट्टी संपायच्या आधी ती स्वतः जाऊन खुर्ची पुसून यायची.

त्या वर्षी नव्या मोठ्या बाई आल्या. तरुण, चटपटीत. त्यांनी थोरलीला बोलावलं.

“बाई, तुमची फेरी ऐकली होती मी मागे. माहिती खूप आहे हो. पण मुलं पेंगतात.”

“पेंगणारी वर्गातही पेंगतात,” थोरली म्हणाली.

“म्हणून यंदा तुमच्या जाऊबाईंना देऊ या म्हणते. घरातल्या घरातच राहतंय की!”

घरातल्या घरात! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. धाकटीला या शाळेत चिकटवलं कुणी? थोरलीनेच शब्द टाकला होता. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा साधं दूध उतू जाऊ न देणंही तिला जमत नव्हतं. पण हसून दाखवायची, की सासूबाई विरघळायच्या. सासऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम थोरलीचं होतं, धाकटी आली आणि महिन्याभरात ते म्हणू लागले, “धाकट्या सूनबाईला पाठव. तिच्या तोंडून बातम्या कशा गोड वाटतात.” आणि आता फेरी.

संध्याकाळी धाकटी भाजी निवडता निवडता म्हणाली, “ताई, मी नाही म्हटलं होतं मोठ्या बाईंना.”

“मग हो कशाला म्हणालीस?”

“त्यांनी ऐकलंच नाही. तुम्ही मला सांगाल ना सगळं नीट? सालं माझ्या डोक्यात राहत नाहीत.”

“सालं राहत नाहीत म्हणे! इतिहास म्हणजे काय रांगोळी आहे, बोटाला येईल तशी रेघ ओढायला?”

धाकटी हसली. रागावली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं.

पहिल्या दिवशी थोरलीला तास नव्हता. ती लवकर गेली, तिसऱ्या मजल्यावर चढली आणि कोपऱ्यातल्या खोलीचं कुलूप न उघडताच चावी पर्समध्ये टाकली. कुलूप तर रोजचंच, असं तिने स्वतःला बजावलं. फक्त फेरीच्या दिवशी ते उघडं असायचं, एवढाच काय तो फरक. धाकटी मुलांना घेऊन बंद दारापाशी येणार, गोंधळणार, खाली माणूस पाठवणार. मोठ्या बाई म्हणणार, “अहो, त्यांनाच बोलवा.” मग ती सावकाश जिना चढणार. हे सगळं तिने इतक्या वेळा मनात घोळवलं होतं, की कुठल्या पायरीवर थांबून श्वास घ्यायचा तेही ठरलं होतं.

मात्र ऐकल्याशिवाय तिला राहवेना. ती फेरीच्या एक मजला पुढे राहून कान देत होती.

“ही भिंत बघा,” खालून धाकटीचा आवाज आला. “हिला अजून घाम येतो. का येतो? बोट लावा आणि चाटून बघा.”

आणि एकच कल्ला उठला. “खारट! बाई, खारट!”

‘शी! रोगराई नुसती,’ थोरली मनात म्हणाली. इतकी वर्षं ती त्या भिंतीपाशी उभी राहून गोदामाच्या मालकाचा कारभार सांगत आली होती. चाटायला सांगावं हे तिला कधी सुचलं नव्हतं, हेच जास्त खुपलं.

पहिल्या मजल्यावर धाकटीने छतातले, इस्पितळाचे पडदे टांगायचे लोखंडी आकडे दाखवले आणि मुलांना जखमी सैनिकांसारखं लंगडत दुसऱ्या मजल्यावर नेलं. साल एकही सांगितलं नाही. थोरली कोपऱ्याच्या खोलीशेजारच्या प्रयोगशाळेत शिरली आणि दार किलकिलं करून उभी राहिली.

धाकटी वर आली. तिने कडी हलवली. कुलूप. तिने एकदा इकडेतिकडे पाहिलं.

“बाई, खुर्ची आत आहे ना?” एका मुलीने विचारलं. “माझा दादा बसलाय तिच्यावर.”

धाकटी वळली आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चक्क बसली. ती पायरी मधोमध खोल झिजलेली होती.

“खुर्ची पाहुण्यांसाठी होती,” ती म्हणाली. “पहिल्या मोठ्या बाई रोज सकाळी बसायच्या इथे. या पायरीवर. खुर्चीवर बसल्या की मुलं घाबरायची. इथे बसलं की सगळी एका उंचीची. कुणाला काय दुखतंय, कुणी न जेवता आलंय, सगळं इथे कळायचं त्यांना. बघा, बसून बसून दगड कसा झिजलाय. चला, एकेक जण या.”

आणि मुलं एकेक करून बसली. “मी आलो.” “मी आले.” जिना नुसता घुमला.

खोटं! साफ खोटं! त्या पायरीवर पाण्याचं पिंप असायचं. नळ येईपर्यंत शिपाईमामा ते रोज ओढून भरायला न्यायचे आणि परत ओढून आणायचे. त्याने झिजलाय तो दगड. थोरलीचा हात दाराच्या कडीवर गेला. बाहेर पडून एक वाक्य बोललं की झालं. पण दुसऱ्या हातात पर्स होती, आणि पर्समध्ये चावी. पिंपाचं सांगायचं तर कुलपाचंही निघणार. ती तशीच उभी राहिली, शेवटचं मूल “मी आले” म्हणून खाली उतरेपर्यंत.

संध्याकाळी दोघी घरी आल्या. थोरलीने पर्स ओट्यावर आपटली.

“ताई,” धाकटी पातेलं विसळत म्हणाली, “चावी दुसऱ्या कप्प्यात ठेवा. पर्स हलली की वाजते. प्रयोगशाळेतून ऐकू येत होती.”

थोरलीने पर्स ओट्यावरून खाली घेतली. मग म्हणाली, “पायरीचं कुठून काढलंस?”

“सुचलं. वाईट होतं का?”

“पिंप होतं तिथे पिंप!”

“मग सांगा की उद्या मुलांना,” धाकटी म्हणाली, आणि तिने चहाचं आधण ठेवलं. दोघींसाठी. विषय पुन्हा काढला नाही, दिराकडे नाही, सासूकडे नाही, शाळेत तर नाहीच. भांडली असती, चहाडी केली असती, तर थोरलीला फिटंफाट करता आली असती.

पुढच्या वर्षी धाकटी बाळंतपणाच्या रजेवर होती, म्हणून फेरी परत थोरलीकडे आली. तिने खोली उघडली, खुर्ची दाखवली, मुलांना बसवलं. मुलं बसली. पण खाली उतरताना सगळी त्या पायरीपाशी अडली.

“बाई, आता खरं म्हणायचं ना? इथे?”

मागच्या वर्षीच्या मुलांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं. थोरलीने तोंड उघडलं, तिच्या ओठांवर ‘पिंप’ आलंही, आणि समोरच्या त्या उत्सुक चेहऱ्यांकडे बघून ती म्हणाली, “हो. बसा. रांगेने.” त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ती दरवर्षी पायरीची हकिकत सांगत राहिली. धाकटीपेक्षा चांगली सांगायची, असं तिचं मत होतं. मुलं कुणाचं मत विचारत नाहीत.

नव्या मोठ्या बाई दोनच वर्षं टिकल्या. त्यांची बदली शिक्षण खात्यात झाली आणि त्या तिथेच मोठ्या हुद्द्यावर गेल्या. शिपाईमामा नळ आल्यावर पाठदुखीतून सुटले होते, पण पिंपाचं नाव काढलं की म्हणायचे, “कसलं पिंप? मोठ्या बाई बसायच्या तिथे.” पायरीवर बसायची गोष्ट त्यांनाही आवडली होती. दादा बसला होता म्हणणारी ती मुलगी त्याच शाळेत शिकवू लागली आणि फेरी तिच्याकडे गेली. शंभराव्या वर्षी शाळेने पायरीभोवती पितळी दांडी लावली. म्हातारेकोतारे माजी विद्यार्थी नातवंडांना घेऊन रांगेत उभे राहिले.

खुर्ची त्याआधीच मोडीत निघाली होती. धाकटीने ती उचलून घरी आणली, पाय बसवून घेतले आणि थोरलीच्या खिडकीशी ठेवली. “ताई, तुमची आहे,” एवढंच म्हणाली.

दोघींचे नवरे गेले. मुलं लांब आहेत. दोघी अजून त्याच घरात राहतात. थोरलीला नीट ऐकू येत नाही, धाकटीला नीट दिसत नाही, त्यामुळे एकीचं दुसरीवाचून चालत नाही. शाळेतली मुलं कधीमधी जुनी माहिती विचारायला येतात. थोरली पहिल्या मोठ्या बाईंच्या खुर्चीत ताठ बसून सालं सांगते. मुलं लिहून घेतात आणि शेवटी विचारतात, “आजी, त्या खरंच पायरीवर बसायच्या?”

“खरंच,” थोरली म्हणते. “रोज सकाळी.”

पलीकडे धाकटी हसते. ते हसू थोरलीला ऐकू येत नाही, पण दिसतं. आणि इतकी वर्षं झाली, तरी तिला ते सोसवत नाही.