निळ्या पट्ट्यांची गादी

आमचं रेडिओ केंद्र सुतारमामांच्या कारखान्याच्या वर आहे. म्हणजे खाली लाकूड कापलं जातं आणि वर अन्यायाला वाचा फोडली जाते. दोन्ही कामांची वेळ एकच, त्यामुळे सुरुवातीला बायकांचे निम्मे हक्क करवतीच्या आवाजातच जायचे. भिंतींना लावायचा खास स्पंज परवडेना. तेव्हा केंद्र चालवणाऱ्या आत्याने रेडिओवरून आवाहन केलं, की ज्यांच्या घरी गाद्या पडून असतील त्यांनी आणून द्याव्यात. लोकांनी दिल्या. आत्याने कार्यक्रमात दात्यांची नावं वाचली. सगळे दाते पुरुष निघाले. आम्हाला कौतुक वाटलं. पुरुष इतके उदार असतील तर आपला कार्यक्रम बंद करावा लागतो की काय, अशी थोडी काळजीही वाटली.

आत्या माझी सख्खी आत्या. ती बोलते आणि मी काचेपलीकडे बसून बटणं सरकवते. फोन जोडणं, आत्याला शिंक येणार असं दिसलं की माइक बंद करणं, आणि कुणी गप्प झालं की बासरी लावणं, ही माझी कामं. रेडिओवर शांतता चालत नाही. लोकांना वाटतं, वीज गेली.

गाद्या उभ्या करून छतापर्यंत बांधल्या आहेत. त्या खोलीत आपणच आडवे आहोत असं वाटतं. एक वकीलबाई वारसाहक्कावर बोलता बोलता मागे टेकल्या आणि झोपल्या. बासरी बरीच चालली.

त्या दिवशीचा विषय होता, 'घरात तुमचं स्वतःचं काय आहे?' पहिला फोन एका शिक्षिकेचा. त्यांच्या मते दारावरची बेल त्यांची आहे, कारण ती वाजली की घरातलं दुसरं कुणी जागचं हलत नाही. दुसऱ्या बाईंनी पाठदुखी सांगितली. मग तिसरा फोन आला.

"बोला ताई, ऐकतोय," आत्या म्हणाली.

"माझी एक गादी आहे."

"वा. म्हणजे झोपायची स्वतंत्र जागा. फार महत्त्वाचा मुद्दा मांडलात."

"ती तुमच्याकडे आहे. निळ्या पट्ट्यांची. कोपऱ्यात लाल दोऱ्याची शिवण आहे बघा, मी घातलेली."

आत्याने मान वळवली. लाल शिवण तिच्या कानापाशीच होती.

"ताई, ही तर पोस्टमनसाहेबांनी दिली."

"मी त्यांची बायको. लॉन्ड्रीतून घरी आले तर मागच्या खोलीतल्या खाटेवर नुसत्या फळ्या. हे म्हणाले, समाजकार्याला दिली. यांचं नाव आलं रेडिओवर, ते मी त्या फळ्यांवर बसूनच ऐकलं."

आत्या गप्प. मी बासरी लावली आणि आत गेले.

"हिची गादी काढली तर करवत आत येईल," आत्या कुजबुजली.

"बाईची वस्तू तिला विचारल्याशिवाय हलवू नये, हे मागच्या आठवड्यात तूच म्हणालीस."

"मी भांड्यांबद्दल बोलत होते गं."

पण आत्याला लाज लवकर वाटते, हा तिचा मोठा गुण. मी काचेपलीकडे परत येऊन बासरी थांबवली आणि तिने बाईंची जाहीर माफी मागितली आणि कधीही येऊन गादी न्यायला सांगितलं. बाई म्हणाल्या, लॉन्ड्री समोरच्याच गल्लीत आहे, आत्ताच येते.

त्या आल्या, पाठोपाठ पोस्टमनही आले. त्यांच्या वाटपाच्या रस्त्यावर घरोघरी आमचा रेडिओ चालू असतो. दारोदार बातमी पोचवणाऱ्या माणसाला स्वतःची बातमी दारोदार मिळत गेली होती.

"गादी घराची होती," ते धापा टाकत म्हणाले. "आणि माझं नाव वाचून झालंय."

"नाव राहू द्या तुमचं. गादी मला द्या," बाई म्हणाल्या.

आत्याने माइक पोस्टमनकडे वळवला. "घरात कपाट असेल, जुना पंखा असेल. गादीच का दिलीत?"

"कपाटाने आवाज अडत नाही."

"अहो, खरं सांगा."

पोस्टमन गप्प झाले. माझा हात बासरीकडे गेला, पण आत्याने काचेतून बोट हलवलं. नको. खालची करवतही थांबली होती. नंतर कळलं, सुतारमामा रेडिओ कानाला लावून बसले होते.

"ही मागच्या खोलीत झोपायला गेली," पोस्टमन म्हणाले. "वाटलं, गादी नसली की येईल परत."

"आले की."

"आलीस. पण कडेला झोपतेस. उतरायचं ठिकाण जवळ आल्यासारखी."

"दिवसभर इस्त्रीसमोर उभी असते मी. कधीकधी अंगावर कुणाचा हात नको वाटतो. तसं म्हटलं की तुम्ही आठवडाभर तोंड फुगवता. मग खोलीच बदलली. का बदलली, विचारलंत कधी?"

"कसं विचारायचं असतं ते?"

हे त्यांनी आत्याला विचारलं. आत्याकडे पोटगीपासून प्रसूतिरजेपर्यंत सगळ्याची माहितीपत्रकं आहेत. या विषयावर नव्हतं.

"दार वाजवायचं," बाईच म्हणाल्या. "दिवसभर दुसऱ्यांची वाजवताच ना."

मी गादी सोडवली. एक टोक बाईंनी धरलं. दुसरं धरायला मी पुढे झाले, तोवर ते पोस्टमननी धरलं होतं. जिना अरुंद आहे. माइक बंद करायचा राहून गेल्यामुळे "तिरकी करा", "अहो, तिरकी म्हणजे माझ्याकडे नाही" हा भाग सगळ्यांनी ऐकला. त्याला पसंतीचे फोन आले.

पुढच्या दिवसांत आणखी काही बायका भिंत बघून गेल्या. एकीने गादी ओळखली, पण नेली नाही. म्हणाली, राहू दे, ही सासूबाईंची आहे.

निळ्या गादीच्या जागेतून आता करवत स्पष्ट ऐकू येते. कार्यक्रमाच्या सुरुवातीला आत्या तेवढं सांगून टाकते.

पुढच्या आठवड्यात लॉन्ड्रीवाल्या बाईंचा फोन आला. आत्याने विचारलं, झोप कशी लागते?

"मस्त. मागच्या खोलीत, पाय पसरून."

"आणि साहेब?"

"काल त्यांनी दार वाजवलं. येऊ का, म्हणाले."

"मग?"

"मी म्हटलं, आज नको."

"चिडले?"

"नाही हो. 'बरं' म्हणाले आणि गेले. पोस्टमन आहेत, दारावरून परत फिरायची सवय आहे त्यांना. उद्या परत येतात."